एर्लेनरीटचा रविवार

शनिवारी सकाळी आठ वाजता चारुदत्त सबनीस घरापुढचा रस्ता झाडत होता. ॲन आर्बरच्या त्या गल्लीत रस्ता झाडणारा तो एकटाच. आपल्या हद्दीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, अर्ध्या रस्त्यापर्यंत, एक पानसुद्धा राहू न देता. शेजारी पहिली दोन वर्षं हसले, मग सरावले. मृणालिनी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होती. लग्नाला तेवीस वर्षं झाली होती, आणि ही सवय कुठून आली ते तिला ठाऊक होतं. एर्लेनरीट हे जर्मनीतलं सहा-सातशे वस्तीचं खेडं. तिथे दर शनिवारी प्रत्येक घराने आपल्यापुढचा रस्ता झाडायचा, नाही झाडला तर ग्रामपंचायतीची चिठ्ठी यायची. लग्नाआधी चारुदत्त तिथे दोन वर्षं राहिला होता, लाकूडकामाचं तंत्र शिकायला.

आज त्या गावाची बाई त्यांच्याकडे जेवायला येणार होती. हानेलोर तिचं नाव. चारुदत्त ज्यांच्या घरी खोली घेऊन राहिला त्या सुतारमास्तरांची मुलगी. आता तिथल्याच शाळेत शिक्षिका होती आणि गावाचा इतिहास लिहीत होती. मिशिगनमधल्या एका जर्मन वस्तीत तिची मावशी होती, तिच्याकडे ती उन्हाळ्याच्या सुट्टीत आली होती. महिन्यापूर्वी तिचं पत्र आलं, तेव्हापासून चारुदत्त गप्प गप्प होता. मृणालिनीने एकदा विचारलंही. तो म्हणाला, जर्मन बोलून किती वर्षं झाली, लाज वाटते.

तिने ते तेवढ्यावर सोडलं. तिच्यापुढे कामं होती. मसालेभाताची तयारी झाली होती, सावर क्रीमचं श्रीखंड फ्रिजमध्ये होतं. तिचा दीर विवेक शिकागोहून निघाला होता आणि येताना डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या देशी दुकानांतून कढीपत्ता आणि मिठाई आणणार होता. ओहायोतल्या डब्लिनहून मोहन आणि दीपा कारखानीस येणार होते. ही मंडळी मुद्दाम बोलावलेली. एर्लेनरीटच्या आगीची गोष्ट महाराष्ट्र मंडळात सगळ्यांना पाठ होती. त्या गोष्टीतल्या गावची बाई प्रत्यक्ष घरी येते आहे म्हटल्यावर दोन माणसं समोर असावीत असं मृणालिनीला वाटलं होतं. त्या विचाराची तिला पुढे फार लाज वाटली.

गोष्ट अशी होती. एकोणीसशे एकोणसाठच्या ऑक्टोबरातला रविवार. गावची जत्रा. सगळे तंबूत बसलेले, बँड चाललेला. ओढ्याकाठच्या लाकूड कापायच्या सॉ मिलमधून धूर निघताना चारुदत्तने पाहिला, धावत चर्चमध्ये गेला आणि दोराला लोंबकळून घंटा वाजवली. गावाची स्वयंसेवकांची आग विझवणारी तुकडी वेळेवर पोचली, मिल जळाली पण शेजारची घरं वाचली. चोवीस वर्षांच्या हिंदुस्थानी मुलाला गावाने खांद्यावर घेतलं आणि तुकडीत सामील करून हेल्मेट दिलं. ही गोष्ट विवेक सांगायचा. दरवेळी विवेकच. सांगताना चारुदत्त पाणी आणायला उठायचा, हे मृणालिनीच्या पूर्वीच लक्षात आलं होतं. तिला तो विनय वाटायचा.

हानेलोर एक वाजता आली. उंच, पिकत चाललेल्या केसांची, सपाट बुटातली बाई. मावसभाऊ तिला दारात सोडून गेला. परत सीमा पोचवणार होती. सीमा सबनीसांची मुलगी, एकवीस वर्षांची, पुढच्या वर्षी मेडिकलला जायच्या तयारीत होती. हानेलोरने चारुदत्तचे दोन्ही हात हातात घेतले, काही क्षण जर्मनमध्ये बोलली आणि डोळे पुसले. मग सगळ्यांशी जपून जपून इंग्रजीत बोलू लागली. जेवण छान झालं. तिने मसालेभात दोनदा घेतला. गावात अजून शुक्रवारी सार्वजनिक भट्टीत सगळ्यांचे पाव भाजतात, सरपंच म्हणजे पूर्वीच्या लोहाराचा मुलगा, चर्चचं छप्पर नवं घातलं, असं सांगत राहिली. विवेक तिला प्रश्न विचारत होता. चारुदत्त थोडंच बोलला.

जेवणानंतर सगळे हॉलमध्ये बसले, आणि हानेलोरने पिशवीतून कागद काढले.

ते तिच्या पुस्तकाचे छापखान्यातून आलेले कच्चे कागद होते. पुढच्या वर्षी, सत्त्याऐंशीत, गावाला नऊशे वर्षं होणार होती. त्या सोहळ्यात हे पुस्तक निघणार होतं. एका पानावर तुकडीचा फोटो होता. तिसऱ्या रांगेत, कपाळावर उतरलेल्या हेल्मेटखाली, काटकुळा चारुदत्त. शेजारच्या पानावर आगीची हकिगत होती. हानेलोरने ती इंग्रजीत सांगितली. मिलचा भट्टीवाला आलोइस ग्रुबर शनिवारी भट्टी नीट न विझवता गेला, त्याच्या हलगर्जीपणामुळे आग लागली, आणि परदेशी पाहुण्याच्या प्रसंगावधानाने गाव वाचलं. ग्रामसभेने ठराव केला होता की सोहळ्याला चारुदत्तला सपत्नीक बोलवायचं, आणि उद्घाटनाची घंटा त्याच्या हस्ते वाजवायची.

मोहन कारखानीसांनी टाळ्या वाजवल्या. विवेक उठला आणि आपली बॅग घेऊन आला.

विवेक या क्षणाची महिनाभर वाट बघत होता. तो चारुदत्तपेक्षा दहा वर्षांनी लहान, शिकागोत भूल देणारा डॉक्टर. दादाच्या मागोमाग देश सोडला, दादासारखं व्हायचं म्हणूनच सोडला, हे तो कुणालाही सांगे. गेल्या हिवाळ्यात पुण्याला आई गेली तेव्हा दिवस करायला तोच जाऊ शकला होता. आईच्या कपाटात दादाची जर्मनीहून आलेली सगळी पत्रं नाडीने बांधून ठेवलेली सापडली. त्याने ती आणली, पण वाचली नव्हती. दादासमोरच सोडायची असं ठरवलं होतं. काल फक्त तारखा बघून त्याने एकच बाजूला काढलं होतं. अठरा ऑक्टोबर, एकोणीसशे एकोणसाठ. आगीच्या दिवसाचं.

“दादा, सरप्राइज आहे,” तो म्हणाला. हानेलोरला त्याने इंग्रजीत सांगितलं की हे त्याच दिवशीचं पत्र आहे, मी आधी मराठीत वाचतो, मग तुम्हाला अर्थ सांगतो.

चारुदत्तने हात पुढे केला. पत्र मागितल्यासारखा. विवेकला वाटलं, भावनेने केला असेल. तो वाचू लागला.

“ती. आईस शि. सा. नमस्कार, वि. वि. आज इथली जत्रा. सगळं गाव तंबूत आहे, बँड इथवर ऐकू येतो. माझ्या खोलीत बोटं आखडतात इतकी थंडी, म्हणून मिलमधल्या भट्टीच्या खोलीत येऊन तुला लिहितो आहे. आलोइस म्हणून इथला भट्टीवाला आहे, त्याने काल नेहमीप्रमाणे भट्टी विझवून राखसुद्धा काढून ठेवली होती. मी पुन्हा पेटवली. वाळका भुसा टाकला की काय सुंदर भडकते. आता हात चांगले शेकले...”

शेवटच्या दोन ओळी वाचताना विवेकचा आवाज आपोआप बारीक झाला. डोळे पुढे गेले होते. पुढे लिहिलं होतं की घरमालकांची हानेलोर बाहेरून हाका मारते आहे, जत्रेला जातो, उरलेलं नंतर. त्याखाली वेगळ्या शाईत बुधवारची तारीख होती आणि आगीची, घंटेची, कौतुकाची हकिगत. भट्टीबद्दल एक शब्द नव्हता.

हॉलमध्ये ऐकणारे सहा जण होते. पाचांना मराठी कळत होतं. सहावी हसऱ्या चेहऱ्याने अर्थ सांगण्याची वाट बघत होती.

“हवामानाबद्दल आहे,” विवेक इंग्रजीत म्हणाला. “थंडी, जत्रा, बँड. आणि मग आग, घंटा. तुम्ही लिहिलंय तसंच.”

आपण इतक्या सहज खोटं बोललो याचं त्यालाच नवल वाटलं. हानेलोरने हात छातीशी नेला. असं पत्र पुस्तकात हवंच, ती म्हणाली. याची फोटोकॉपी मिळेल का. हायडेलबर्गला मराठी जाणणारे प्राध्यापक आहेत, त्यांच्याकडून ती शब्दन्‌शब्द भाषांतर करून घेईल.

दीपा कारखानीस एकदम मृणालिनीला श्रीखंडाची कृती विचारू लागली. नंतर पाच मिनिटांनी मोहनना आठवलं की डब्लिनला पोचायला चार तास लागतात. दोघं निघाली. जाताना मोहननी चारुदत्तशी हात मिळवला, पण त्याच्याकडे बघितलं नाही. मृणालिनीने ते पाहिलं. दार लावताना तिची बोटं कडीवर थोडा वेळ तशीच राहिली.

हानेलोरला तिने मागच्या अंगणात नेलं. टोमॅटोची रोपं दाखवली, खुर्ची दिली, चहा आणते म्हणून सांगितलं आणि स्वयंपाकघरात आली. विवेक आणि सीमा तिथे होते. मधला सरकता दरवाजा तिने ओढून घेतला.

विवेक हळू आवाजात आणि भरभर बोलत होता. आलोइस वारला असणार, इतक्या वर्षांनी कुणाला काय पडलं आहे. दादा तेव्हा चोवीस वर्षांचा पोरगा. भट्टी पेटवली म्हणजे आग त्यानेच लावली असं सिद्ध होत नाही. फोटोकॉपी द्यायची नाही, आणि अगदीच गळ्याशी आलं तर दुसरं एखादं पत्र द्यायचं. मृणालिनीने मान हलवली. तिला त्या क्षणी आलोइस दिसत नव्हता. तिला डब्लिनच्या रस्त्याला लागलेली गाडी आणि त्या गाडीतलं बोलणं दिसत होतं. पत्र सासूबाईंचं आहे, खासगी आहे, घरात तसं चालत नाही, असं सांगू या, ती म्हणाली. बाई शिकलेली आहे, समजून घेईल.

सीमा फ्रिजला टेकून उभी होती. लहानपणापासून ती मराठीत ऐकायची आणि इंग्रजीत उत्तर द्यायची. त्यामुळे आपल्याला सगळं कळतं हे मोठे विसरतात, हे तिला माहीत होतं. कॉलेजच्या अर्जात तिने निबंध लिहिला होता, माझे वडील आणि घंटा. त्या निबंधाचं खूप कौतुक झालं होतं. मोठेपणी काय व्हायचं हे तिने त्या घंटेवरूनच ठरवलं होतं, असं तिने त्यात लिहिलं होतं. आता ती ओळ आठवून तिचे कान तापले.

“सो वुई आर जस्ट गोइंग टु लाय टु हर?” ती म्हणाली. “विथ श्रीखंड?”

विवेकने तिला दटावलं. तू लहान आहेस, म्हणाला. मृणालिनी काही बोलणार तोच सरकता दरवाजा उघडला आणि चारुदत्त आत आला. तो इतका वेळ हॉलमध्येच बसून होता. त्याने पत्र घडी करून शर्टच्या खिशात ठेवलं होतं.

सीमाने विचारलं, आणि या वेळी मराठीत विचारलं. “बाबा, त्याला दोष दिला तेव्हा तुम्हाला माहीत होतं?”

“हो.”

“लगेच?”

“घंटा वाजवत होतो तेव्हाच माहीत होतं,” चारुदत्त म्हणाला.

विवेकने मध्ये पडायचा प्रयत्न केला. चारुदत्तने ऐकलं नाही. तो सिंककडे बघत बोलत होता, कुणाकडे न बघता. जत्रेत आलोइस दुपारपासून पीत होता, त्यामुळे शनिवारी आपण काय केलं याची त्याला खात्री देता येईना. त्याला विचारलं, भट्टी विझवली होतीस का. तो म्हणाला, मला वाटतं विझवली होती. मला वाटतं, एवढंच. पुढे पुढे त्याचाच विश्वास उडाला. चर्चमधून निघताना तो लोकांची माफी मागायचा. महिन्याभराने तुकडीची सभा झाली. आलोइस तीस वर्षं तुकडीत होता. त्याचं हेल्मेट काढून घ्यायचं आणि नाव खोडायचं असा ठराव आला. चारुदत्त नवा सभासद म्हणून शेवटच्या बाकावर बसला होता.

“हात वर करा म्हणाले,” तो म्हणाला. “मी केला.”

खिडकीतून हानेलोर दिसत होती. ती खुर्चीवरून उठून रोपांना पाणी घालत होती.

“आईला कळलं होतं,” चारुदत्त विवेकला म्हणाला. “बुधवारी मी पत्र पुन्हा न वाचता पुढे लिहिलं आणि पेटीत टाकलं. टाकल्यावर आठवलं. तिचं उत्तर यायला तीन आठवडे लागले. घंटेबद्दल काही नव्हतं. शेवटी एक ओळ होती, विस्तवापाशी जपून वागत जा. नंतर जन्मात तिने आगीचं नाव काढलं नाही.”

विवेक टेबलाशी बसला. इतक्या वेळा, इतक्या घरांतून ही गोष्ट आपण सांगितली. पुण्यात आईसमोरही सांगितली होती. तेव्हा आई पोळ्या लाटत होती आणि तिने मान वर केली नव्हती. आता ते दृश्य त्याला पुन्हा दिसलं. आपल्याला काय बघायला हवं होतं तेही दिसलं. दादाचा राग यायला हवा होता, पण आधी स्वतःचीच लाज वाटली. तरी तो हट्टाने म्हणाला, की आता बोलून त्या माणसाला काय मिळणार आहे.

मृणालिनी इतका वेळ हात पुसत होती. हात केव्हाच कोरडे झाले होते. नवऱ्याने भट्टी पेटवली हे तिने पचवलं असतं. चोवीस वर्षांच्या कुणाच्याही हातून होईल. तिच्या डोळ्यांसमोर तो वर केलेला हात होता. तेवीस वर्षं ती ज्याच्या विनयाचं कौतुक करत होती तो विनय नव्हता. मंडळात गोष्ट रंगली की दीपाकडे बघून आपण कसं हसायचो, तेही तिला आठवलं. थोड्या वेळापूर्वी डब्लिनच्या गाडीतल्या बोलण्याची भीती वाटत होती. आता ती भीती फार क्षुद्र वाटू लागली.

तिने चहा कपात ओतला. बशीत ठेवला.

“त्या बाईंना चहा नेऊन द्या,” ती म्हणाली.

“वहिनी,” विवेक म्हणाला.

“तुम्ही थांबा, भावजी.” तिने कप नवऱ्यापुढे धरला. “अहो, तुम्हीच न्या.”

अंगणात ऊन होतं. चारुदत्तने कप खुर्चीच्या हातावर ठेवला आणि हानेलोरला बसायला सांगितलं. तो स्वतः बसला नाही. त्याला जर्मन आठवेना. भट्टी हा शब्द आठवला, विझवणे आठवलं, पेटवणे हा शब्द मात्र येईना. शेवटी त्याने पत्र खिशातून काढलं आणि मराठी ओळींवर बोट ठेवून, शाळकरी मुलासारखं, एकेक वाक्य मोडक्या जर्मनमध्ये सांगत गेला. आलोइसने भट्टी विझवली होती. राख काढली होती. मी आग केली. मी भुसा टाकला. मी दार उघडं ठेवून नाचायला गेलो.

हानेलोर ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं, पण तिने त्याला थांबवलं नाही. तो हेल्मेटच्या सभेपर्यंत पोचला आणि हात वर केल्याचं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, की ठराव तिच्या वडिलांनीच मांडला होता. ते तुकडीचे प्रमुख होते आणि आलोइस त्यांचा लहानपणापासूनचा मित्र होता. त्यानंतर वडील त्याच्याशी कधी बोलले नाहीत.

आलोइस पंधरा वर्षं जगला, ती म्हणाली. दर वर्षी जत्रेला तंबूच्या बाहेर उभा राहायचा. आत बोलावलं तरी यायचा नाही. दारू त्याने त्या रविवारनंतर पूर्ण सोडली होती, पण त्यावर गावाने विश्वास ठेवला नाही. त्याची मुलगी मार्लीस तिच्याच वर्गात होती. ती अजून गावातच राहते. पुस्तकासाठी वडिलांचा फोटो मागायला हानेलोर तिच्याकडे गेली तेव्हा मार्लीस म्हणाली होती, फोटो देत नाही, नाव मात्र तुम्ही छापणारच.

हे सगळं तिने सपाट आवाजात सांगितलं. मग ती चहाच्या कपाकडे बघत राहिली. चारुदत्तला वाटलं, आता ती उठून जाईल. तिने जावं असंच त्याला वाटत होतं.

“तुला हाक मी मारली होती,” ती म्हणाली. “मिलच्या दारातून. तू बाहेर आलास आणि माझा हात धरलास. तुझे हात गरम होते. त्या दिवशी गावात एकाचेही हात गरम नव्हते.”

चारुदत्त पत्राची घडी घालू लागला.

“मी ते कधी विसरले नाही,” हानेलोर म्हणाली. “सतरा वर्षांची होते, कशी विसरेन. पण ते गरम का होते हा प्रश्न मी स्वतःला विचारला नाही. सत्तावीस वर्षांत एकदाही नाही. आणि मी इतिहास लिहिते.”

ती उठली. चहा तसाच राहिला. हॉलमध्ये जाऊन तिने पुस्तकाचे कागद पिशवीत भरले. आगीचं पान मात्र टेबलावर ठेवलं. हे पान आता छापता येणार नाही, ती चारुदत्तला म्हणाली. पण दुसरं काय छापायचं हे ती ठरवणार नाही, आणि तोही नाही. आधी मार्लीसला कळायला हवं, आणि ते हानेलोरच्या तोंडून नाही. मग तिने मृणालिनीचा निरोप घेतला, जेवणाबद्दल आभार मानले, आणि ते अगदी मनापासून मानले. मृणालिनीला त्यानेच अधिक ओशाळल्यासारखं झालं.

सीमाने तिला पोचवलं. दीड तासाचा रस्ता होता. दोन्ही बाजूंना मक्याची कोवळी रोपं होती. सीमाला माफी मागावीशी वाटत होती, पण कशाबद्दल आणि कुणाच्या वतीने ते तिला कळेना. शेवटी तिने निबंधाबद्दल सांगितलं. हानेलोरने विचारलं, चांगला होता का. सीमा म्हणाली, सगळ्यांना आवडला होता. हानेलोर म्हणाली की तिचं पानही सगळ्यांना आवडलं होतं, ग्रामसभेने त्यात एक शब्दही बदलला नव्हता. गाडीतून उतरण्यापूर्वी तिने एका कागदावर नंबर लिहिला आणि खाली वेळ लिहिली. रविवारी बाराला मार्लीस चर्चमधून परतलेली असते.

सीमा घरी आली तेव्हा अंधार पडायचा होता. विवेक बाहेर पायरीवर बसला होता. तो शिकागोला परत गेला नव्हता आणि जेवलाही नव्हता. तिने त्याला कागद दाखवला. त्याने वाचला आणि म्हणाला, तिकडे बारा म्हणजे इथे सकाळचे सहा. मग थोड्या वेळाने विचारलं, “तो करेल ना गं फोन?”

“आय डोन्ट नो, काका,” सीमा म्हणाली.

मृणालिनी त्या संध्याकाळी नवऱ्याशी बोलली नाही. अबोला धरला होता असं नाही, बोलायला कुठून सुरुवात करावी ते कळत नव्हतं. तिने त्याला वाढलं. तो जेवायला बसला आणि उठला. कागद सीमाने फोनपाशी ठेवला होता. दोघांनी तो पाहिला.

सकाळी साडेपाचला मृणालिनी खाली आली तेव्हा चारुदत्त आंघोळ करून, ऑफिसला जाताना घालायचा शर्ट घालून फोनपाशी बसला होता. समोर वहीचं पान होतं. त्यावर त्याने जर्मन वाक्यं लिहिली होती, खोडली होती, पुन्हा लिहिली होती. तिने विचारलं, किती वाजल्यापासून बसला आहात. तो म्हणाला, बराच वेळ झाला. ती शेजारच्या खुर्चीवर बसली. सहाच्या सुमाराला सीमा जिन्यात येऊन बसली. विवेक स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. त्याला वाटत होतं आपण इथे थांबू नये, पण पाय निघेना.

चारुदत्तने नंबर फिरवला.

घंटा चार वेळा वाजली. मग एका बाईचा आवाज आला. त्याने आपलं नाव सांगितलं, पूर्ण नाव, गावात कुणाला कधी नीट उच्चारता आलं नव्हतं ते. पलीकडून आवाज एकदम मोकळा झाला. तो इतका मोठा होता की मृणालिनीलाही ऐकू आला. भाषा कळली नाही, आनंद कळला. मार्लीसला तो आठवत होता. तिचे वडील त्याचं नाव नेहमी काढायचे. त्या सभेनंतर बाहेर आल्यावर सगळे तोंड फिरवून गेले, एकट्या त्या हिंदुस्थानी मुलाने माझ्याशी हात मिळवला, असं ते शेवटपर्यंत सांगायचे.

चारुदत्तने डोळे मिटले. हात मिळवला होता, ते खरं होतं. तो हात सोडवून घेऊन आपण पळालो होतो, आणि त्या माणसाने तेवढ्यावर पंधरा वर्षं काढली होती.

मार्लीस विचारत होती, तो कसा आहे, कुठून बोलतो आहे, सोहळ्याला येणार का. त्याने तिला बोलू दिलं. ती थांबली तेव्हा त्याने पानाकडे बघितलं. वाक्यं तिथे होती. त्याने ती वाचली नाहीत. जेवढं जर्मन तोंडात आलं तेवढ्यात त्याने सांगितलं. तुमच्या वडिलांनी भट्टी विझवली होती. मी पेटवली. मला माहीत होतं. मी बोललो नाही आणि मी हात वर केला.

फोन ठेवला असेल असं वाटण्याइतका वेळ गेला. मृणालिनीने नवऱ्याच्या चेहऱ्याकडे बघितलं. असा चेहरा तिने याआधी पाहिला नव्हता. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही, पण उठूनही गेली नाही.

मग मार्लीसचा आवाज आला, बारीक आणि कोरडा.

“थांबा. आई इथे आहे. एक्याऐंशी वर्षांची आहे, तिला कमी ऐकू येतं. मी रिसीव्हर तिच्या कानाला लावते.” खुर्ची ओढल्याचा आवाज झाला. “पुन्हा सांगा. हळू सांगा.”

दूर कुणीतरी श्वास घेत होतं. चारुदत्त उभा राहिला. विवेक दारातून पुढे आला आणि वहिनीच्या खुर्चीमागे थांबला.

“फ्राऊ ग्रुबर,” चारुदत्त म्हणाला, “भट्टी मी पेटवली होती.”